दोन बेटांची यात्रा

बदलीच्या नोकरीत रजेचा अर्ज हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. त्यात कारण एका ओळीत सांगावयाचे असते आणि त्या ओळीमागे घरात चाललेल्या चार महिन्यांच्या मसलती दडवून ठेवावयाच्या असतात. उत्तरेत नेमणूक झालेल्या मराठी कुटुंबात अशा मसलतींतून पुष्कळदा एकच बेत बाहेर पडतो : एवीतेवी काशी जवळ आहे, तर तेथून भाड्याची मोटार घ्यावी, ती आपणच चालवावी, वाटेतले डोंगर, नद्या आणि रानेवने मनसोक्त पाहावीत आणि थेट रामेश्वर गाठावे. बेत मांडणाऱ्यास तो अगदी नवा वाटतो. आम्हांस त्याचे कौतुक वाटते ते मात्र तो फार जुना आहे म्हणून. मोटार नवी आहे. आखणी दोनतीनशे वर्षांची आहे. ती पूर्वी कशी केली जाई, कोणाच्या भरवशावर केली जाई आणि ती फसली म्हणजे काय होई, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम या प्रवासाची दोन टोके पाहू. दोन्ही बेटेच आहेत. रामेश्वर हे भूगोलातले बेट. मंडपम् आणि पांबन यांच्यामधल्या खाडीने ते मुख्य भूमीपासून तोडलेले आहे. काशी हे पुराणातले बेट. वरुणा आणि असी या दोन प्रवाहांनी आखलेली ही नगरी शंकराच्या त्रिशूळावर उचलून धरलेली असून प्रलयातही बुडत नाही, अशी श्रद्धा आहे; म्हणजे पृथ्वीवर असून ती पृथ्वीची नव्हे. काशीहून गंगाजल न्यावयाचे, रामेश्वरास अभिषेक करावयाचा, सेतूची वाळू घ्यावयाची आणि ती परत येऊन प्रयागास गंगेत सोडावयाची, अशी ही दुहेरी यात्रा. भाड्याने मोटार देणारे बहुधा अशी अट घालतात की, जेथून गाडी नेली तेथेच ती परत आणून सोडावी. यात्रेच्या शास्त्राशी ही अट किती जुळते, हे पाहून आम्हांस गंमत वाटते.

मराठी माणसाच्या मनात ही वाट कोणी पक्की केली असेल, तर ती नाथमहाराजांनी. रामेश्वरासाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड त्यांनी गोदेच्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा आपल्याकडील पोरासोरांनाही ठाऊक असते. कथेचे तात्पर्य सारेच सांगतात. पण ते सांगताना एक साधी गोष्ट निसटून जाते. काशी आणि रामेश्वर यांच्या दरम्यान कावड घेऊन जाणारी माणसे पैठणच्या लोकांना रोजच्या पाहण्यातली होती, म्हणूनच ही कथा तेथे रुजली. नाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीतच पुरा केला. महाराष्ट्रातून काशीस जाणे हे त्या काळी धाडस होते, तरी अपूर्व नव्हते. "काशीस जावे नित्य वदावे" ही म्हण याच वातावरणातली. जाणे घडो न घडो, बेत मात्र रोज बोलून दाखवावा, असे ती सांगते. बेतालाच पुण्याचा वाटा देणारी दुसरी म्हण आमच्या तरी ऐकण्यात नाही.

आखणीचा आरंभ पंचगंगा घाटापासून करावा, असे आम्ही सुचवू. पंचगंगा हे नाव मराठी माणसाला घरचे आहे. कोल्हापूरची पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती यांची मिळून झालेली. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या धारा दाखवितात. काशीची पंचगंगा म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. बाकीच्या चौघी मानावयाच्या. कार्तिकस्नानाचे माहात्म्य या घाटाला विशेष आहे. कार्तिक महिनाभर येथे उंच वेळूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे टांगतात. अहल्याबाई होळकरांनी उभारलेली दगडी दीपमाळही येथेच आहे. कार्तिकी पौर्णिमेस तिच्यावरील दिवे लागतात. आज साऱ्या काशीभर होणारी देवदिवाळी १९८० नंतरच्या दशकात वाढीस लागली, तीही या घाटापासून.

नावेतून उत्तरेकडे जाताना मराठी वाचकाचे डोळे विस्फारतात. शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेरचा घाट, बालाजी घाट, मग पंचगंगा आणि तिच्या पलीकडे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट. एखाद्या पेशवेकालीन दरबाराची हजेरी चालली आहे असे वाटते. पंचगंगेच्या माथ्यावर एके काळी बिंदुमाधवाचे भव्य देऊळ होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने १६६५ साली ते पाहून त्याचे वर्णन लिहिले आहे. पुढे औरंगजेबाच्या अमलात ते पडले आणि त्याच्या जागी मशीद उभी राहिली. तिचे दोन उंच मिनार कित्येक पिढ्यांना काशीची खूण वाटत आले; लोक मात्र त्यांना देवाच्याच नावाने, माधोरायचा धरहरा म्हणून ओळखीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ते मिनारही गेले. बिंदुमाधवाची पुन्हा स्थापना औंधच्या पंतप्रतिनिधींनी जवळच बांधलेल्या देवळात झाली. सातारा जिल्ह्यातील एका लहानशा गादीने काशीतील आद्य वैष्णव क्षेत्र सांभाळावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. कारण काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. बाजीरावाने १७३६ मध्ये बादशहाकडे ज्या मागण्या केल्या, त्यांत मथुरा, प्रयाग, काशी आणि गया ही क्षेत्रे होती. ती मिळाली नाहीत. १७७५ मध्ये काशी अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीकडे गेली. जे गाव हाती आले नाही, त्याच्या पायऱ्या मात्र आपण बांधीत राहिलो.

हे कसे घडले, याचे उत्तर प्रवासाच्या आखणीत आहे. त्यासाठी बाजीरावाच्या आईची यात्रा पाहावी.

बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या. मार्चमध्ये बऱ्हाणपूर, मे महिन्यात उदेपूर, तेथून नाथद्वारा आणि जूनमध्ये जयपूर, असा त्यांचा मार्ग होता. पावसाळ्याचे तीन महिने त्या जयपुरास सवाई जयसिंगांच्या पाहुण्या होत्या. सप्टेंबरात मथुरा, वृंदावन आणि कुरुक्षेत्र करून प्रयागमार्गे ऑक्टोबरात त्या काशीस पोहोचल्या. पुढे गया झाली, आणि बुंदेलखंडातून परतून १७३६ च्या जूनच्या सुमारास त्या पुण्यास आल्या. म्हणजे सोळा महिन्यांचा प्रवास. नकाशावर बोट फिरवून पाहिल्यास हा मार्ग वेडावाकडा दिसतो. पुण्याहून काशीस जाणारा माणूस उदेपुरास कशाला जाईल? उत्तर सोपे आहे. ही वाट अंतराने आखलेली नव्हती, ती आतिथ्याने आखलेली होती. जेथे ज्याचे पत्र आहे तेथे मुक्काम, आणि जेथे पत्र नाही तेथे वळसा.

या यात्रेतील सर्वांत विलक्षण यजमान महंमदखान बंगष. १७२९ मध्ये याच बंगषाला जैतपुरास कोंडून बाजीरावाने वृद्ध छत्रसालाची सुटका केली होती. त्या पराभवाला सहा वर्षेच झाली होती. शत्रूची आई आपल्या मुलखातून चालली आहे, हे कळल्यावर सूड घेण्यास याहून सोपी संधी कोणती? बंगषाने तिचा आईसारखा मान ठेवला आणि ती सुखरूप पुढे जाईल अशी व्यवस्था केली. इतिहास लिहिणारे लढायांची वर्णने पानेच्या पाने देतात, आणि हा प्रसंग एका वाक्यात आटोपतात. आम्हांस तो एखाद्या लढाईहून मोठा वाटतो. राधाबाईंच्या यात्रेने उत्तरेत जो सद्भाव जमा झाला, तो पुढच्याच वर्षी बाजीरावाच्या उपयोगी पडला. १७३६ च्या मार्चमध्ये त्याची आणि सवाई जयसिंगाची भेट झाली, ती या पायरवाटेवरूनच. तेव्हा ही यात्रा निव्वळ धर्माची नव्हती, हे खरे. पण ती राजकारणाची होती म्हणून कमी मोलाची ठरत नाही. एक वृद्ध विधवा सोळा महिने परमुलखात फिरली आणि तिच्या केसालाही धक्का लागला नाही; तिचे संरक्षण मुख्यतः पत्रांनी केले.

आता पंचवीस वर्षांनंतरची दुसरी यात्रा पाहा. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हा फौजेच्या आश्रयाने यात्रा घडेल म्हणून शेकडो कुटुंबे बरोबर निघाली. एवढा तोफखाना, एवढे घोडदळ. याहून निर्धास्त सोबत कोठून मिळणार, असा त्यांचा हिशेब होता. अठरा वर्षांचे नाना फडणीस आई आणि पत्नी यांसह याच लष्करात होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे येथे सांगावयास नको. नाना कसेबसे वाचले, पत्नीही वाचली. आई मात्र पुन्हा हाती लागली नाही. नानांनी आपल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. पुढे मराठी राज्याचा सारा कारभार चालविणारा हा मनुष्य मनातून किती हादरला होता, हे ते लहानसे टिपण वाचताना समजते.

राधाबाईंबरोबर तोफा नव्हत्या आणि त्या घरी आल्या. नानांच्या मातोश्रींच्या भोवती हिंदुस्थानातील एक बलाढ्य फौज होती आणि त्या आल्या नाहीत. दोन यात्रांवरून सिद्धांत काढू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण जिच्यावर हल्ला व्हावयाचा त्या फौजेच्या सावलीत यात्रेकरूंनी चालणे, यातील चूक तेव्हाच्या शहाण्यांनाही आधी दिसली नाही, एवढे खरे.

या आघाताचे एक उत्तर नानांनी दगडात देऊन पाहिले. काशीहून गयेस जाताना वाटेत कर्मनाशा नावाची नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाल्यास जोडलेले पुण्य जाते, अशी समजूत. त्यामुळे यात्रेकरू माणसांच्या खांद्यावर बसून ती ओलांडीत. ज्याला खांद्याचे भाडे परवडत नसे, त्याचे पुण्य नदीच्या मर्जीवर. नाना फडणिसांनी या नदीवर पूल बांधण्यास घेतला आणि त्यावर पुष्कळ द्रव्य खर्च केले. पण तळाशी वाळू सरकती. पाया टिकेना आणि काम पडून राहिले. ते पुरे केले काशीचे राजा पटनीमल यांनी १८३१ च्या सुमारास. त्यांना आराखडा देणारा इंजिनियर होता जेम्स प्रिन्सेप. काशीच्या टांकसाळीतील हा अधिकारी पुढे ब्राह्मी लिपी वाचून अजरामर झाला. पंचगंगेवरील त्या दोन मिनारांची दुरुस्तीही त्यानेच करविली होती. पुण्याच्या कारभाऱ्याने घातलेला पाया, काशीच्या सावकाराचा पैसा आणि इंग्रज अधिकाऱ्याची गणिते, यांच्या जोरावर गरिबांचे पुण्य अखेर कोरडे राहिले.

वाटेवरचा खर्च कसा भागे, हाही वाचकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न असणार. रोकड बरोबर घेणे म्हणजे चोराला आवतण. पुण्यास किंवा नाशकास पैसे भरून काशीच्या पेढीवर हुंडी घ्यावयाची, हा शहाणा मार्ग. जकातीच्या चौक्यांसाठी दस्तक, म्हणजे वाटेचा परवाना, लागे. बैल, तट्टे आणि पालखीचे भोई भाड्याने मिळत. भाड्याचे जनावर चढावर हटकून अडते, हा अनुभव इतका सार्वत्रिक असावा की "भाड्याचे तट्टू" हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला. क्षेत्राच्या वेशीवर कर भरावा लागे तो वेगळाच. कंपनी सरकारने १८१० मध्ये प्रयागच्या यात्राकराचे नियम केले, त्यांत पायी येणाऱ्यास १ रुपया आणि वाहनातून येणाऱ्यास त्याहून अधिक असा दर होता. १८४० मध्ये तो कर उठला. टोलनाक्यावर कुरकुरणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि काशीत उतरावयाचे कोठे? येथे घाटांच्या हजेरीचा उलगडा होतो. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांचे आदरस्थान. ते काशीस येऊन राहिले आणि पंचगंगेच्या शेजारचे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट त्यांनी १७४० च्या सुमारास बांधून काढले. त्यांच्याभोवती दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वाढली. कोणी क्षेत्रसंन्यास घेऊन आले, कोणी विद्येसाठी आले. कोणी यात्रेस म्हणून आले आणि परतलेच नाहीत. देशावरून येणाऱ्या नवख्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारा उपाध्या, आपल्या चवीचे वरण आणि आपल्या गावची खबर या गल्ल्यांत मिळे. ज्यांनी बदलीच्या गावी पहिल्या आठवड्यात मराठी पाटीचे दुकान शोधले असेल, त्यांना या सुखाची किंमत आम्ही सांगावयास नको.

वाटेच्या दुसऱ्या टोकालाही मराठी हात होता, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवीत नाही. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सर्फोजी राजांनी १८०२ मध्ये उभारले. त्याच्या आदल्या वर्षी, कंपनीने या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये म्हणून, राजांनी इंग्रज रेसिडेंटास एक पत्र पाठविले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणत्याही वाटसरूस येथे अन्न मिळते. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला आहे काय, हे विचारले जाते. आजाऱ्याला वैद्य दिला जातो. असा तपशील त्यात आहे. राज्य गेलेल्या राजाने परक्या सत्तेकडे शब्द टाकला तो वाटसरूंच्या जेवणासाठी, हे वाचून ऊर भरून येतो. हेच सर्फोजी राजे १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह स्वतः काशीस जाऊन आले आणि परतताना सरस्वती महालासाठी ग्रंथ घेऊन आले. म्हणजे उत्तरेच्या टोकाला पेशव्यांच्या गुरूचे घाट आणि दक्षिणेच्या टोकाला शिवछत्रपतींच्या भावाच्या वंशजांची छत्रे. मधल्या सर्व मुलखावर मराठी निशाण नव्हते, पण वाट मात्र दोन्हीकडून धरलेली होती. अहल्याबाईंच्या कावडी गंगाजल घेऊन देशभरच्या देवळांस जात, त्याही अशाच वाटांनी.

आमच्या वाचकांचा खरा पूर्वज मात्र राजाही नव्हता आणि मराठीही नव्हता. मद्रासच्या सुप्रीम कोर्टातील मुख्य दुभाषे एनुगुल वीरास्वामी यांनी रजा काढून १८३० च्या मे महिन्यात मद्रास सोडले आणि हैदराबाद, नागपूर, जबलपूर या मार्गाने प्रयाग, काशी व गया करून, कलकत्त्यावरून १८३१ च्या सप्टेंबरात ते परत आले. वाटेतला प्रत्येक मुक्काम, तेथील पाणी, दुकाने, रस्त्याची स्थिती हे सारे त्यांनी तेलुगूत टिपून मित्राकडे धाडले. त्याचेच पुढे "काशीयात्रा चरित्र" झाले. सरकारी माणसाची नजर त्यात पानोपानी दिसते. नदीकाठी पोहोचल्यावर स्तोत्र सुचण्याआधी उतार कोठे आहे, हे ज्याला सुचते, तो खरा प्रवासी.

मराठीतील याच जातीचे पुस्तक म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा "माझा प्रवास". डोक्यावर कर्ज, म्हणून बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी या हेतूने गोडसे भटजी आपल्या चुलत्यांबरोबर १८५७ च्या आरंभी निघाले. आखणी चोख होती. तीत बंड तेवढे धरलेले नव्हते. महूजवळ शिपायांनी त्यांना पुढच्या धामधुमीची सूचना दिली, आणि त्यानंतर झाशीच्या वेढ्यापर्यंत जे जे पाहावे लागले ते सर्वश्रुत आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. पण परत येताना गंगेची कावड त्यांनी खाली ठेवली नाही. घरी येऊन त्या पाण्याने आईवडिलांस स्नान घातले. पुस्तक छापून निघाले ते १९०७ मध्ये.

त्यानंतर आखणीचा काळ संपला आणि वेळापत्रकाचा सुरू झाला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादेकडे अखंड रूळ झाले; १८८७ मध्ये राजघाटावर गंगेचा पूल झाला. पंचगंगेच्या पायऱ्यांवर उभे राहिले असता उत्तरेकडे तो दिसतो. सोळा महिन्यांची यात्रा पंधरवड्यावर आली. निघताना मृत्युपत्र करण्याची रीत गेली. परतल्यावरचे मावंदे आणि लाखेने तोंड बंद केलेले गंगेचे गडू तेवढे राहिले. दक्षिण टोकाला पांबनचा रेल्वेपूल १९१४ मध्ये झाला आणि धनुष्कोडीहून आगबोटीने सिंहलद्वीपाच्या तलैमन्नारास जाता येऊ लागले. १९६४ च्या २२ डिसेंबरच्या रात्री वादळाने धनुष्कोडी बुडाली, आणि तो मार्ग तेथून तरी संपला. मोटारींसाठी पांबनचा पूल १९८८ मध्ये खुला झाला. जुना रेल्वेपूल आता निवृत्त झाला असून त्याच्या शेजारचा नवा पूल २०२५ च्या एप्रिलपासून चालू आहे.

तेव्हा आजच्या बेताविषयी चार शब्द. काशीहून कन्याकुमारीस जाणारा एकच राजमार्ग २०१० पर्यंत ७ क्रमांकाने ओळखला जाई. त्याची लांबी २३६९ किलोमीटर होती आणि देशात त्याहून लांब दुसरा नव्हता. क्रमांक बदलले, त्याचे तुकडे झाले, पण वाट तीच आहे. आणि नागपूर ते जबलपूर तर ती वीरास्वामींचीच वाट आहे. मिर्झापूर सोडल्यावर विंध्याचा चढ, रीवा, कटनी, जबलपुरास नर्मदा, मग सिवनी ते नागपूर हा पेंचच्या रानातला टप्पा. येथे वाघाहरणांनी खालून जावे म्हणून रस्ताच खांबांवर उचलला आहे. एके काळी या मुलखात वाटसरूंना ठगांचे भय होते. आज वाटसरूंपासून जनावरांना जपावे लागते. नागपुरास थांबून मराठी जेवण जेवावे. पुढे हिंगणघाट, आदिलाबाद, निर्मळच्या दक्षिणेस गोदावरी, हैदराबादेनंतर कृष्णा, कर्नूलास तुंगभद्रा, सेलमच्या पुढे कावेरी. गंगा, नर्मदा, गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या पाच थोर नद्या या एका रस्त्यावर ओलांडाव्या लागतात, आणि येथल्या पाचही डोळ्यांना दिसतात. मदुरेनंतर रस्ता पूर्वेकडे वळतो. ताडांची रांग लागते, मंडपम् येते आणि मग दोन्ही बाजूंस समुद्र.

काळाचा विचार मात्र आधी करावा. कार्तिकी पौर्णिमेचे आकाशदिवे पाहून लगेच निघाल्यास आठवड्याच्या आत गाडी ईशान्य मोसमी पावसात शिरते. रामेश्वरच्या बाजूस ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे आणि वादळांचे दिवस. राधाबाईंनी पावसाळा जयपुरास काढला, तेवढी रजा आपल्याला मिळणार नाही. तेव्हा पौष-माघात निघणे बरे. स्वतः चालविण्याची भाड्याची गाडी काळ्या पाटीवरील पिवळ्या अक्षरांवरून ओळखू येते. तिचा परवाना वाटेतील सर्व राज्यांत चालतो की नाही, हे कागद हातात घेऊनच पाहावे. दस्तकाचेच हे धाकटे भावंड आहे. एका दिवसात चारशे किलोमीटरांहून अधिक धावू नये. आणि शक्य असेल तेथे हॉटेलाऐवजी कोणा ओळखीच्याच्या घरी एक पत्र आधी टाकावे. जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर या चारही ठिकाणी मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आमच्या वाचकांपैकी निम्म्यांचा कोणी ना कोणी मावसभाऊ तेथे कचेरीत असतोच.

धनुष्कोडीच्या पुढे अगदी टोकापर्यंत २०१७ पासून पुन्हा रस्ता झाला आहे. वाळू तेथली घ्यावी. मूठभर पुरे, पण ती रुमालात बांधावी, गाडीत सांडू देऊ नये. भाड्याची गाडी झाडून परत करावी लागते, आणि प्रयाग अजून दोन हजार किलोमीटरांहून लांब असते.